आलमुळीचा लाल

देवासच्या नारायणराव जाधवांच्या रंगाच्या कारखान्यात मागल्या अंगाला एक खोली होती. तिच्या दारावर 'प्रयोगशाळा' अशी ठसठशीत पाटी होती आणि कारखान्यातलं एकही माणूस तिला प्रयोगशाळा म्हणत नसे. सगळे म्हणत 'बायकांची चूल'. हे नाव ठेवलं होतं रंगमास्तर कृष्णाजींनी, आणि नावं ठेवण्यात कृष्णाजींचा हात धरणारा उभ्या माळव्यात दुसरा नव्हता. खोलीत चूल होती हे खरं. दोन होत्या. शिवाय काचेच्या नळ्या होत्या, नाजूक तराजू होता, तेजाबाच्या बाटल्या होत्या आणि या सगळ्यावर राज्य करणाऱ्या दोन बायका होत्या. पण चूल दिसली आणि शेजारी बाई दिसली की पुष्कळांना तिसरं काही दिसेनासं होतं, त्याला एकटे कृष्णाजी तरी काय करणार.

त्यातली पहिली दुर्गा पुराणिक. धारच्या पुराणिकबुवांची लेक, वय सव्वीस. नवव्या वर्षी लग्न झालं आणि अकराव्या वर्षी नवरा देवीच्या साथीत गेला. बुवा देवळात पुराण सांगत, पण पुराणातली वांगी पुराणात ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. लोकांना ते ध्रुवाची गोष्ट सांगत, घरी लेकीला पाटी देत. पुढे तिला पुण्याला धाडलं, तिथून मुंबईच्या कॉलेजात, आणि ती रसायन घेऊन इंटर पास झाल्याची तार आली तेव्हा बुवांनी देवळात पेढे वाटले. निम्म्या लोकांनी ते घेतले नाहीत. त्यानंतर वर्षभरातच बुवा वारले.

दुसरी यमुनाबाई रंगारी. तिच्या सासऱ्यांचे आजोबा मराठी फौजेबरोबर निशाणं रंगवत माळव्यात आले आणि इथलेच झाले. यमुनाबाई पंचेचाळिशीची होती, तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तुरटीच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून ती कमीजास्त अचूक सांगे. दुर्गेचा तराजू आणि यमुनाबाईची जीभ यांचं दहातून नऊ वेळा जुळे. दहाव्या वेळी तराजूच्या पारड्यावर धूळ बसलेली निघे.

या दोघींना कामाला लावलं होतं जर्मनीच्या लढाईनं. लढाई जुंपली आणि तिकडून येणारे लाल रंगाचे डबे बंद झाले. सोनकच्छपासून साऱ्या पेठांतून लाल लुगड्यांची मागणी तशीच, आणि कारखान्यात रंग नाही. जर्मन डबे येण्याआधी आपल्याकडे लाल रंग आलमुळीचा असे. सातवासकडच्या रानातून अजूनही ती मुळी मिळत होती. पण जुन्या रीतीनं एक लुगडं रंगायला तीन आठवडे लागत आणि दर घाण्याचा रंग वेगळा निघे. नारायणरावांना तो दोन दिवसांत हवा होता आणि दर वेळी एकच हवा होता. त्यांनी कुठंसं वाचलं होतं की विलायतेतले कारखानदार पदरी शास्त्रज्ञ बाळगतात. पुरुष शास्त्रज्ञ देवासला येईना, म्हणून त्यांनी दुर्गेला बोलावलं. कारण काही का असेना, बोलावलं हे महत्त्वाचं.

आणि दुर्गेनं तो रंग काढला. १९१५ सालच्या कार्तिकात, कामाला लागून सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, तिच्या तांब्याच्या पातेल्यातून वीतभर कापड बाहेर आलं ते डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. साबणानं धुतलं, खारात उकळलं, उन्हात वाळवलं. रंग हलेना. नारायणरावांनी तो तुकडा चार पाहुण्यांना दाखवला आणि सांगून टाकलं की आमचा लाल शुद्ध देशी, आलमुळी, हिरडा आणि तुरटी, चौथी वस्तू नाही.

तिथून फासे उलटे पडायला लागले. दुसरा घाणा निघाला तो जरा फिका. तिसरा विटकरी. चौथा, पाचवा आणि पुढचे सगळे थेट काळ्या गुळाच्या रंगाचे. दुर्गेच्या वहीत सगळं टिपलेलं होतं: मुळी किती, हिरडा किती, तुरटी किती, आच किती वेळ. ती त्यातली ओळ न ओळ पाळत होती आणि पातेल्यातून गूळ निघत होता. माणसानं चूक केली तर ती सापडते. इथं चूकच नव्हती, आणि त्यानं तिचं डोकं फिरायची वेळ आली.

कृष्णाजींना मात्र सगळं लख्ख दिसत होतं. "जुन्या जर्मन डब्यांत बुडाशी चिमूटभर भुकटी उरतेच," ते येताजाता म्हणत. "कार्तिकात ती चिमूट होती, आता संपली. इतकं साधं आहे." हे ते दुर्गेला ऐकू जाईल अशाच बेतानं म्हणत.

शेवटी नारायणराव खोलीत आले. माणूस सरळ होता, पण कारखानदार होता. "दुर्गाबाई, पाडव्याला मी येईन. माझ्यासमोर तो लाल काढून दाखवा. निघाला तर ही खोली कायम. नाही निघाला तर इथं मी रंगाची पोती ठेवीन, राग मानू नका."

दुर्गेनं ही अट घरी कळवली आणि आठवडाभरात धारहून दादाचं उत्तर आलं. दादा म्हणजे थोरला भाऊ शरच्चंद्र, धारच्या दरबारात दफ्तरात कारकून. त्यानं लिहिलं होतं की बायकोला, सरलेला, दिवस गेले आहेत, आईच्यानं, म्हणजे माईच्यानं, आता काम होत नाही, घरात हात हवा. नोकरी राहणार नसेल तर पाडव्याला टांगा घेऊन येतो, सामान बांधून ठेव. दादा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो बहिणीला कधी उणा शब्द बोलला नव्हता, फक्त ती घरी असली की घरातली सगळी कामं आपोआप तिच्याकडे सरकत आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. एकदा त्या स्वयंपाकघरात गेलं की पुन्हा बाहेर येणं नाही, हे दुर्गेला पुरतं ठाऊक होतं.

तिनं पाण्यावर संशय घेतला. देवासात तो घेण्यासारखाच होता. एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द गल्लीबोळांतून जाई, त्यामुळे कारखाना एका राज्यात आणि त्याची विहीर दुसऱ्या राज्यात असा प्रकार. मार्गशीर्षात हद्दीवरची गल्ली दुरुस्तीला काढली आणि पखालवाला दुसऱ्याच विहिरीचं पाणी आणू लागला. झालं, दुर्गेला गुन्हेगार सापडला. तिनं दोन्ही पाण्यांतला चुना मोजला, लोह तपासलं, पावसाचं साठवलेलं पाणी वापरून पाहिलं. तीन आठवडे गेले. पाणी बिचारं निर्दोष होतं. तीनही पाण्यांतून सारखाच गूळ निघाला.

माघात बुवांचं वर्षश्राद्ध आणि शिवरात्र लागून आली, म्हणून ती धारला गेली. दोन दिवसांचा टांग्याचा प्रवास, अंग खिळखिळं झालेलं, मनात सारखं ते पातेलं. पारण्याच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात कोशिंबिरीची काकडी चोचवत बसली होती. सरलावहिनीनं चिंच-गुळाची आमटी उकळली आणि दुपारच्या दुसऱ्या पंक्तीसाठी एका पातेल्यात ओतायला घेतली.

"त्यात नको गं, सरले," माई जपमाळ न थांबवता म्हणाली. "त्याची कल्हई गेलीय. आमटी कळकेल."

सरलावहिनीनं पातेलं बदललं. एवढंच. हे वाक्य दुर्गेनं जन्मात हजार वेळा ऐकलं असेल. तांब्यापितळेला कथिलाची कल्हई नसली की आंबट पदार्थ भांड्याला खातो आणि कळकतो, हे तिला रसायनाच्या पुस्तकाच्या आधी दहा वर्षं ठाऊक होतं. पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. तिच्या हातातली काकडी तशीच राहिली.

तुरटी आंबट. हिरडा तुरट, पण तोही धातूला सोडणारा नव्हे. पातेलं तांब्याचं. आणि वहीत सगळं होतं, मुळीचं वजन गुंजेपर्यंत होतं, पण ज्या भांड्यात हे सगळं शिजत होतं त्या भांड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. का नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं, आणि त्या आठवणीनं तिचे कान तापले.

परत आल्यावर तिनं पायसुद्धा धुतले नाहीत. "यमुनाबाई, कार्तिकात त्या पातेल्याला कल्हई होती?"

"होती तो," यमुनाबाई म्हणाली. "दिवाळीचा कल्हईवाला दारी आला. घरची भांडी दिली, म्हटलं प्रयोगाचं पातेलं बी देऊन टाकू, त्याचं बिचाऱ्याचं काय वाकडं. एकदम चांदीसारखं करून दिलं त्यानं. मी सांगत होती न तुम्हाला. तुम्ही म्हणल्या, भांड्याकुंड्यांचं राहू द्या, रंगाचं बोला."

दुर्गा म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. 'बायकांची चूल' हे नाव तिला इतकं झोंबलं होतं की या खोलीत स्वयंपाकघराचा वासही येऊ द्यायचा नाही असा तिनं पण केला होता. कृष्णाजींनी चुलीवरून हिणवलं, आणि ही शहाणी चुलीलाच लाजली. स्वतःचं शहाणपण दाराबाहेर ठेवून ती आत बसली होती आणि तीन आठवडे धाकट्या पातीच्या विहिरीला दोष देत होती.

"माझंच चुकलं, यमुनाबाई," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर सांगत होतात."

"चालतंय," यमुनाबाई म्हणाली. "आता काय करायचं ते बोला."

खात्री करायला एकच मार्ग होता. कार्तिकातल्या त्या लाल कापडात कथील आहे की नाही हे पाहायचं. आणि त्यासाठी ते कापड मोडायचं. वीतभराचा एकुलता तुकडा, पाडव्याला हात रिकामे असले तर दाखवायला तेवढाच पुरावा. यमुनाबाई तो छातीशी धरून बसली. "हा गेला तो आपल्यापाशी काय राहील, बाई?"

"अर्धा राहील."

तिनं कात्री चालवली. अर्धा तुकडा मिठाच्या तेजाबात उकळला, उतरलेलं पाणी गाळलं, त्यात लोखंडाचा कीस टाकून थांबली, पुन्हा गाळलं. मग रसकापराच्या पाण्याचे चार थेंब; कथील असेल तर त्यानं पाणी पांढरं फुटतं. नळीत काही झालं नाही. दोघी बघत राहिल्या. आणि मग वरून खाली, हळूहळू, दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा साका उतरू लागला.

कथील होतं. तुरटीच्या पाण्यानं ताजी कल्हई खाल्ली होती, ती कापडात उतरली होती, आणि आलमुळीच्या रंगाला तिनंच उजाळा दिला होता. दर घाण्याला कल्हई झिजत गेली, खालचं तांबं उघडं पडत गेलं आणि रंग कळकत गेला. दुर्गा खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. यमुनाबाईनं तिला रडू दिलं आणि तोवर तेजाबाच्या बाटलीला बूच लावून घेतलं.

पुढचे दिवस भराभर गेले. आता भांड्यावर भिस्त नको होती. कल्हईवाल्याकडून कथील आणलं, ते तेजाबात विरघळवलं आणि त्या पाण्याचे मोजून थेंब घाण्यात घातले, म्हणजे उघड्या तांब्यातही रंग कळकू नये. किती घालायचे ते यमुनाबाईनं बसवलं. रोज सात तुकडे रंगायचे, उन्हात ओळीनं वाळत घालायचे, आणि ती लांबूनच सांगायची की तिसरा आणि चौथा यांच्या मधे कुठं तरी आहे. फाल्गुन वद्य दशमीला तो लाल पुन्हा निघाला. दुसऱ्या दिवशी निघाला. तिसऱ्या दिवशी निघाला.

पण एक काटा होता. नारायणराव चारचौघांत सांगून बसले होते की चौथी वस्तू नाही. कृष्णाजी सांगत होते की चौथी वस्तू आहे, जर्मन आहे आणि बायकांनी ती लपवली आहे. आता आपणच उठून म्हणायचं की होय, चौथी वस्तू होती, आम्हाला माहीत नव्हती?

"बोलू नका," यमुनाबाई म्हणाली. "पातेल्याला कल्हई करून ठेवू, पाडव्याला लाल काढून दाखवू. खोली आपली झाली की आरामात सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सल्ला शहाणपणाचा होता. दुर्गेनं त्यावर दोन दिवस विचार केला आणि खरं सांगायचं तर तिला तो फार आवडला. पण मग तिला दिसायला लागलं की ती मूठ जन्मभर झाकून धरावी लागेल. प्रत्येक घाण्याला आपण कोणाला तरी फसवतोय असं वाटत राहील आणि कृष्णाजींचं म्हणणं आपणच खरं करू. तिनं मान हलवली.

पाडव्याला कारखान्यावर गुढी लागली होती. नारायणराव भरजरी उपरणं घालून आले, कृष्णाजी आले, कामगार दारात दाटले. आणि सगळ्यांच्या मागं, धुळीनं भरलेल्या कोटात, दादा उभा होता. बाहेर त्याचा टांगा होता. सकाळीच त्यानं तिच्या बिऱ्हाडातून तिची ट्रंक टांग्यात चढवून घेतली होती, म्हणजे निघायला उशीर नको.

दुर्गा पुढं आली. "सुरुवात करण्याआधी सांगते," ती म्हणाली. "कार्तिकातला लाल मी काढला नव्हता. तो चुकून निघाला. त्यात एक वस्तू होती ती मला माहीत नव्हती."

"हेच मी म्हणत होतो," कृष्णाजी म्हणाले.

"अर्धं तुमचं खरं होतं, मास्तर. वस्तू होती. जर्मन नव्हती, ती भांड्याची कल्हई होती. आता तुमच्या कोठीतली दोन पातेली द्या, कल्हई उडालेली. मुळी तुमची, तुरटी तुमची, पाणी तुमचं. एकात मी कथिलाचं पाणी घालीन, दुसऱ्यात नाही. पहिल्यातून लाल निघेल. दुसऱ्यातून काळा गूळ निघेल. आधीच सांगून ठेवते."

नारायणरावांच्या कपाळावर आठी उमटली. पाहुण्यांना दिलेला शब्द त्यांना आठवत असावा. पण ते बसले. कृष्णाजींनी स्वतः जाऊन कोठीतली सगळ्यांत दरिद्री पातेली निवडून आणली.

तुरटी-हिरड्याची पुटं देऊन मुळीच्या पाण्यात कापड शिजायला पुढं तीन तास लागले. कोणी उठलं नाही. यमुनाबाईनं पहिल्या पातेल्यातलं कापड काठीनं उचललं आणि ते पाणी गाळत वर आलं तेव्हा दारातल्या कामगारांत कुजबुज झाली. दुसऱ्यातलं निघालं ते गुळाचं. खारात दोन्ही उकळली. कृष्णाजींनी आपल्या पांढऱ्या धोतराचा सोगा ओला करून लाल कापडावर खसाखसा घासला आणि सोगा उजेडात धरून बघितला. तो पांढराच होता. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

"कथिलाचं प्रमाण किती?"

"यमुनाबाईंना विचारा," दुर्गा म्हणाली. "ते त्यांनी बसवलंय."

"जरा रुका, कृष्णाजी भिया," यमुनाबाई म्हणाली. "आधी पातेलं उतरवू द्या. मग सांगते, लिहून घ्या." आणि कृष्णाजी, ज्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते पेन्सिल धरून थांबले.

नारायणराव दोन्ही तुकडे हातात घेऊन उभे होते. "म्हणजे बाई, आता रंग बिघडला तर का बिघडला हे तुम्ही सांगू शकाल?"

"शोधून सांगू शकेन. वेळ लागेल."

"पाहुण्यांना मी सांगेन की वस्तू चार आहेत," ते म्हणाले. "खोली राहील. उद्यापासून काळ्याचं बघा, काळा फार विटतो." आणि ते गुढीच्या नैवेद्याला निघून गेले.

गर्दी पांगली. दादा पुढं आला. तीन तास तो एका जागी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते दुर्गेला नीट वाचता येईना. त्यानं वाकून दुसऱ्या पातेल्यातलं कळकलेलं पाणी बघितलं, मग तिच्याकडे.

"टांगा उभा आहे," तो म्हणाला, आणि लगेच त्यालाच ते वाक्य चुकल्यासारखं वाटलं. "माईला काय सांगू मी? तिनं तुझी खोली झाडून ठेवलीय."

"ट्रंक उतरवून घे, दादा. सरलावहिनीच्या मदतीला कोणी बाई बघ, तिच्या पगाराचा निम्मा भार मी उचलेन." पुढचं बोलायला तिला बळ गोळा करावं लागलं. "आणि माईला सांग, मी दिवाळीला येते आहे. चार दिवस. माहेरपणाला."

लग्न झालेल्या मुली माहेरपणाला येत. त्यांना न्हाऊ घालत, त्यांच्या आवडीचं करत, कामाला हात लावू देत नसत. दुर्गेच्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं, कारण ज्या बाईला दुसरं घर नाही तिला माहेर कुठलं असणार. पंधरा वर्षं तिला ते एकच घर होतं आणि हे एकदाही दादाच्या मनात आलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"ये," तो म्हणाला. "मी स्वतः न्यायला येईन."

मग तो बाहेर गेला, टांगेवाल्याला हाक मारली आणि त्याच्याबरोबर ट्रंकेचं एक टोक आपण धरलं.